डग्लस घराण्याची वंशावळ कशी मांडावी : तिसरा अर्ल आर्चिबाल्ड समोर ठेवून, टप्प्याटप्प्याने

मध्ययुगीन स्कॉटलंडमधल्या डग्लस या सरदार घराण्यातल्या नऊ अर्लांची (अर्ल हा वरच्या दर्जाच्या सरदाराचा किताब) नावे एकाखाली एक लिहायची, मधे रेघा ओढायच्या आणि वर ‘वंशावळ’ असे शीर्षक द्यायचे, अशा पद्धतीने केलेले तक्ते जागोजागी दिसतात आणि ते चुकतात. नऊ अर्लांमध्ये सांधे आठ. त्यांतले पाच बाप-लेकाचे, तीन नाहीत. तिसरा अर्ल हा दुसऱ्याच्या वडिलांचा चुलतभाऊ, सातवा हा सहाव्याच्या आजोबांचा भाऊ आणि नववा आठव्याचा भाऊ. रेघ ओढणाऱ्याने हे पाहिलेले नसते, कारण त्याने अर्लपदाची यादी समोर ठेवलेली असते, घराण्याचे कागद नव्हे.

खालची पद्धत स्कॉटलंडच्या कुठल्याही मध्ययुगीन सरदाराला लावता येते. उदाहरणासाठी तिसरा अर्ल आर्चिबाल्ड, ‘द ग्रिम’, निवडला आहे. त्याच्या एकट्याच्या वंशावळीत नामसाम्य, अनौरस जन्म, ठरवून दिलेला वारसाक्रम आणि बायकोकडून आलेली जमीन हे सगळे घोळ एकत्र सापडतात.

## तयारी

वंशावळीचे सॉफ्टवेअर लगेच उघडू नका. त्यात ‘वडील’ असा रकाना असतो, तो रिकामा दिसला की भरावासा वाटतो, आणि तिथूनच खोट्या पिढ्या जन्माला येतात. सुरुवातीला एक साधी स्प्रेडशीट पुरे. रकाने सात ठेवा : नोंद क्रमांक, कागदावरची तारीख जशीच्या तशी, आजच्या हिशेबाची तारीख, माणसाचे नाव कागदात जसे लिहिले आहे तसे, नात्याचा मूळ लॅटिन किंवा स्कॉट्स शब्द, कागदाचा प्रकार आणि तो कुठे छापला आहे, खात्रीची प्रत.

प्रती तीन. अ म्हणजे त्याच काळातला कागद नाते स्पष्ट सांगतो. ब म्हणजे कागद त्याच काळातला आहे, पण नाते जमिनीच्या किंवा वारशाच्या ओघातून आपण काढले. क म्हणजे नंतरच्या लेखकाने सांगितले. अंतिम झाडात ‘क’ची रेघ तुटक काढायची, हे आत्ताच ठरवून टाका. शेवटी ठरवायला गेलात तर सगळ्याच रेघा ठळक ओढाव्याशा वाटतात.

नावाचे एक रूप शोधण्यासाठी ठरवा, पण नोंद करताना मूळ अक्षरे बदलू नका. ‘डग्लस’ हे आडनाव बाराव्या-तेराव्या शतकात डुग्लस, डुफग्लस अशा रूपांतही येते. एकाच रूपाने शोध घेतलात तर निम्मे कागद हाताला लागणारच नाहीत.

सावधान : स्कॉटलंडच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी मिळणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर पैसे भरून चौदाव्या शतकातला माणूस शोधू नका. तिथली सर्वांत जुनी चर्च-नोंदवही एरोल या गावची, १५५३ ची. सक्तीची नागरी नोंदणी तर १८५५ ला सुरू झाली. आपल्या माणसासाठी जन्माचा दाखला असा कागदच नाही. नाते सिद्ध होते ते सनदांवरून, संसदेच्या निवाड्यांवरून, खजिन्याच्या हिशेबांवरून आणि पोपकडे गेलेल्या अर्जांवरून.

## टप्पा १ : माणूस नक्की करा

नावावरून माणूस ओळखू नका. या घराण्यात महत्त्वाचे आर्चिबाल्ड चार आहेत. एक राज्याचा गार्डियन, म्हणजे अल्पवयीन राजाच्या वतीने कारभार पाहणारा. तो १९ जुलै १३३३ ला हॅलिडन हिलच्या लढाईत पडला. दुसरा आपला तिसरा अर्ल, मृत्यू डिसेंबर १४००. तिसरा त्याचा मुलगा, चौथा अर्ल, १७ ऑगस्ट १४२४ ला फ्रान्समध्ये व्हर्नई इथे मारला गेला. चौथा तिसऱ्या अर्लचा नातू, पाचवा अर्ल, मृत्यू १४३९. विल्यम तर विचारूच नका : १२९८ च्या सुमाराला लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत मेलेला विल्यम ‘ल हार्डी’, १३३३ मध्ये हॅलिडन हिललाच पडलेला तरुण विल्यम, लिड्सडेलचा विल्यम, पहिला अर्ल विल्यम, निथ्सडेलचा विल्यम, सहावा अर्ल, आठवा अर्ल.

टोपणनावांचा आधार तर त्याहून कच्चा. ‘टाइनमन’, म्हणजे हरणारा, हे टोपणनाव १३३३ च्या गार्डियनलाही लावलेले आढळते आणि १४२४ च्या चौथ्या अर्ललाही. या दोघांत नव्वदेक वर्षांचे अंतर आहे, तरी एकाची बायको दुसऱ्याच्या नावापुढे लावलेली झाडे सापडतात. ‘ब्लॅक डग्लस’चेही तेच : कधी तो एकटा सर जेम्स, म्हणजे आपल्या आर्चिबाल्डचा बाप, असतो, कधी अर्लांची सगळी थोरली पाती.

म्हणून प्रत्येकाचे चार खुणांचे ओळखपत्र करा : मृत्यूचे साल, जमीन, बायको, पद. आपल्या आर्चिबाल्डचे असे होते :

- मृत्यू : डिसेंबर १४००
- जमीन : गॅलोवेचा निथ आणि क्री या नद्यांमधला भाग (१३६९ ची देणगी), विगटनचे अर्लपद (थॉमस फ्लेमिंगकडून ५०० पौंडांना विकत), बायकोकडून बॉथवेल
- बायको : जोॲना मोरे, थॉमस मोरे ऑफ बॉथवेल याची विधवा
- पद : १३८८ नंतर डग्लसचा अर्ल

चारपैकी किमान दोन खुणा जुळल्याशिवाय कुठलाही कागद त्याच्या नावावर टाकू नका.

तपासणी : ‘तिसरा अर्ल’ हा आकडा आपण मागाहून दिलेला आहे. कागदात नुसते ‘आर्चिबाल्ड, डग्लसचा अर्ल’ असते. १३९५ चा कागद असेल तर तिसरा, १४१० चा असेल तर चौथा, १४३० चा असेल तर पाचवा. तारीख लागल्याशिवाय आकडा लिहू नका.

## टप्पा २ : पदाचा क्रम एका कागदावर, रक्ताचे नाते दुसऱ्यावर

दोन्ही एकाच कागदावर काढणे हीच मूळ चूक. पदाचा कागद आधी पुरा करा, तो सोपा असतो :

1. विल्यम, १३५८ ला अर्ल झाला, मृत्यू १३८४
2. जेम्स, पहिल्याचा मुलगा, ऑगस्ट १३८८ ला ऑटरबर्नच्या लढाईत मृत्यू
3. आर्चिबाल्ड, पहिल्याचा चुलतभाऊ, मृत्यू १४००
4. आर्चिबाल्ड, तिसऱ्याचा मुलगा, मृत्यू १४२४
5. आर्चिबाल्ड, चौथ्याचा मुलगा, मृत्यू १४३९
6. विल्यम, पाचव्याचा मुलगा, नोव्हेंबर १४४० मध्ये एडिनबरा किल्ल्यात धाकट्या भावासह शिरच्छेद
7. जेम्स, ‘द ग्रॉस’, तिसऱ्याचा धाकटा मुलगा, मृत्यू १४४३
8. विल्यम, सातव्याचा मुलगा, २२ फेब्रुवारी १४५२ ला स्टर्लिंगच्या किल्ल्यात राजाच्या हातून मारला गेला
9. जेम्स, आठव्याचा भाऊ, १४५५ मध्ये सगळे खालसा

दुसऱ्या कागदावर सध्या फक्त आर्चिबाल्डचे नाव मधोमध लिहा आणि थांबा.

## टप्पा ३ : कोणत्या काळासाठी कोणते कागद

इथे क्रम चुकला की महिने वाया जातात. आधी छापील पीरेज, म्हणजे सरदार घराण्यांचे कोश, पाहा, त्यातून सुगावे घ्या, मग प्रत्येक सुगावा मूळ कागदापर्यंत न्या. सर जेम्स बाल्फर पॉल यांनी संपादित केलेले स्कॉट्स पीरेजचे नऊ खंड (१९०४–१९१४) अजूनही पहिला थांबा म्हणून उत्तम आहेत. पण ते शंभर वर्षांपूर्वीचे आहेत. तिथले वाक्य ही ‘क’ प्रत, त्याच्या तळटीपेतली सनद स्वतः वाचलीत की ‘अ’.

१३७१ पर्यंतच्या माणसांसाठी ‘पीपल ऑफ मिडीव्हल स्कॉटलंड’ हा डेटाबेस मोफत आहे आणि त्याला तोड नाही. सनदांमधला प्रत्येक माणूस, त्याचे नाते, त्याची साक्ष, त्याची जमीन तिथे वेगवेगळी नोंदलेली असते. वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, एकाच माणसाला दोन पाने असू शकतात, किंवा दोन माणसे एका पानावर आली असण्याचा संभव असतो. म्हणून पानावर न थांबता खालच्या मूळ दस्तऐवजापर्यंत जा. दोन, त्याची हद्द १०९३ ते १३७१. आर्चिबाल्ड त्यापुढे जवळजवळ तीस वर्षे जगला. त्याच्या आयुष्याचा सगळ्यात भरघोस भाग या डेटाबेसच्या बाहेर आहे. ‘तिथे सापडले नाही म्हणजे घडले नाही’ असे समजणाऱ्यांची इथेच फसगत होते.

१३७१ नंतर महामुद्रेची नोंदवही, म्हणजे राजाच्या मोठ्या मोहोरेखाली निघालेल्या सनदांची वही, आणि खजिन्याचे हिशेब यांच्याकडे वळा. महामुद्रेचा छापील पहिला खंड १३०६ ते १४२४ चा आहे. मूळ गुंडाळ्यांपैकी पुष्कळ हरवल्या. हरवलेल्या सनदांची एकेक ओळ जुन्या सूच्यांमधून उतरवून खंडाच्या पुरवणीत दिली आहे. त्या ओळीत बहुधा तारीख नसते, साक्षीदार नसतात. तिच्यावरून नाते ठरवाल तर प्रत ‘ब’च्या वर जाऊ देऊ नका. संसदेचे कागद सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या प्रकल्पाने मूळ आणि भाषांतर शेजारी-शेजारी ठेवून मोफत दिले आहेत.

पोपकडच्या कागदांबाबत एक गफलत वारंवार होते. १३७८ ते १४१७ या काळात पोप एकाहून जास्त होते, आणि स्कॉटलंड फ्रान्समधल्या अविन्योंच्या पोपच्या बाजूने होते, इंग्लंड रोमच्या. त्यामुळे या चाळीस वर्षांत स्कॉटिश सरदाराच्या नात्यातल्या लग्नाला पोपने दिलेली मुभा रोमच्या दफ्तरात शोधाल तर हात हलवत परत याल. ती अविन्योंच्या नोंदवह्यांत आहे.

## टप्पा ४ : नात्याचे शब्द मराठीत उतरवा, इंग्रजीतून नव्हे

हे ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण इथे मराठी वाचक इंग्रजी वाचकाच्या एक पाऊल पुढे असतो. लॅटिनमध्ये बापाचा भाऊ ‘पॅट्रुअस’ आणि आईचा भाऊ ‘अवंक्युलस’. इंग्रजी सारांशात दोघेही ‘अंकल’ होतात आणि बापाची बाजू की आईची, हा सगळा पुरावा एका शब्दात बुडतो. आपल्याकडे काका आणि मामा वेगळे आहेतच. मूळ शब्द बघून थेट तोच लिहा.

हा फरक किती महत्त्वाचा ते पाहायचे असेल तर घराण्याच्या मुळाशी जा. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला डग्लस भावांपैकी ब्राइस हा मोरे या उत्तर स्कॉटलंडमधल्या प्रांताचा बिशप होता (१२०३–१२२२), आणि मोरेतल्या फ्रेस्किन ऑफ केरडाल या माणसाचा उल्लेख या भावांचा ‘अवंक्युलस’ म्हणून येतो. ‘अंकल’ वाचणारा लगेच डग्लस आणि मोरे ही एकाच पुरुषाची दोन घराणी करून टाकतो. ‘मामा’ वाचणारा थांबतो : आई मोरेकडची असेल, आणि मग पुरुषवंश एक असण्याची गरजच उरत नाही. (मध्ययुगीन कारकून कधीकधी ‘अवंक्युलस’ काकालाही लावत, म्हणून ही नोंद ‘ब’.)

बाकीचे अडचणीचे शब्द :

‘नेपोस’ म्हणजे पुतण्या, भाचा किंवा नातू, तिन्ही. वयाचा हिशेब केल्याशिवाय यातला एक निवडू नका.

‘कन्सँग्विनियस’ म्हणजे रक्ताचा नातलग, इतकेच. जुन्या इंग्रजी सारांशांत त्याचे ‘कझिन’ केलेले असते आणि वाचणारा चुलतभाऊ समजतो. राजा तर मोठ्या अर्लांना शिष्टाचार म्हणूनही असे संबोधतो.

‘क्वॉन्डम’ म्हणजे कैलासवासी, मयत. ‘आर्चिबाल्ड, मयत जेम्सचा मुलगा’ असे आले की बापाच्या मृत्यूची अलीकडची हद्द फुकटात मिळाली.

‘रेलिक्टा’ म्हणजे मागे राहिलेली बायको, विधवा. तिला मुलगी समजण्याची चूक जोॲना मोरेच्या बाबतीत झालेली आहे. ती थॉमस मोरेची विधवा. नवऱ्याचे आडनाव मोरे, तिचेही मोरे, आणि बॉथवेल तिच्याबरोबर आले. एवढ्यावरून काही झाडांनी तिला थॉमसची मुलगी करून ठेवले आहे. स्कॉटलंडमध्ये बायका लग्नानंतर माहेरचेच नाव चालवत, हे विसरले की अशा चुका होतात.

सावधान : हस्तलिखितात ‘फिल’ लिहून पुढे नुसता आकडा-वेलांटीसारखा संक्षेप असतो. तो मुलगा, मुलगी किंवा मुलाचा यांपैकी काहीही असू शकतो. वाक्याचे क्रियापद पाहिल्याशिवाय उलगडू नका.

## टप्पा ५ : तारखा आजच्या हिशेबात आणा

स्कॉटलंडमध्ये १५९९ संपेपर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. १ जानेवारी ते २४ मार्च या काळातल्या प्रत्येक कागदाचे साल आपल्या हिशेबात एकाने वाढते.

विगटनच्या विक्रीवर हे करून पाहा. कागदाच्या हिशेबात ती ८ फेब्रुवारी १३७१. जशीच्या तशी घेतली तर ती राजा डेव्हिड दुसरा याच्या हयातीत पडते, कारण तो २२ फेब्रुवारी १३७१ ला वारला, आणि ही तारीख आपल्या हिशेबातली आहे. प्रत्यक्षात विक्री ८ फेब्रुवारी १३७२ ची, रॉबर्ट दुसरा गादीवर येऊन वर्ष होत आले होते तेव्हाची, आणि त्या राजाने ती ऑक्टोबर १३७२ मध्ये कायम केली. स्प्रेडशीटमध्ये असे साल १३७१/७२ असे दुहेरी लिहा.

राज्यवर्ष दिले असेल तर राज्यारोहणाच्या दिवसापासून मोजा, जानेवारीपासून नव्हे. डेव्हिड दुसऱ्याची वर्षे ७ जूनला पालटतात (१३२९ पासून). त्यामुळे मे १३४२ हे त्याचे तेरावे वर्ष आणि जुलै १३४२ हे चौदावे.

तपासणी : तारखा लागल्या की वयाची गाळणी लावा. बाप आणि मुलात पंधराहून कमी किंवा साठाहून जास्त वर्षे, आई आणि मुलात अठ्ठेचाळीसहून जास्त वर्षे आली तर सांधा लाल करा. आर्चिबाल्डचे वडील सर जेम्स २५ ऑगस्ट १३३० ला स्पेनमध्ये तेबा इथे मारले गेले, आणि ते स्कॉटलंडहून निघाले होते त्याच वर्षी. म्हणजे मुलाचा जन्म फार तर १३३० च्या अखेरीचा. १४०० मध्ये तो सत्तरीचा म्हातारा असणार. त्याला ‘१३४० च्या सुमारास जन्म’ देणारे झाड तिथेच बाद.

## टप्पा ६ : एकेक सांधा, खालून वर

वरून खाली येऊ नका. मूळपुरुष आधी ठरवला की मधल्या पिढ्या कशातरी बसवल्या जातात. जो नक्की माहीत आहे त्याच्यापासून एक पिढी वर, तिचा कागद हाती आला की पुढची.

आर्चिबाल्डपासून जेम्सपर्यंतचा सांधा मे १३४२ च्या सनदेवर उभा आहे. हा कागद नीट उलगडून पाहण्यासारखा आहे, कारण पुढच्या पन्नास वर्षांचा वारसा त्यात लिहून ठेवला आहे. आधीची परिस्थिती अशी : सर जेम्स १३३० ला गेला. त्याचा औरस मुलगा विल्यम १३३३ ला पडला, त्याच लढाईत जेम्सचा भाऊ गार्डियन आर्चिबाल्डही. डग्लसची जमीन उरलेल्या भावाकडे, ह्यूकडे आली. तो चर्चचा माणूस, ग्लासगोचा कॅनन. १३४२ मध्ये ह्यूने सगळे राजाच्या हवाली केले आणि डेव्हिड दुसऱ्याने ते पुन्हा बांधून दिले, या क्रमाने :

पहिला हक्क विल्यमचा, गार्डियन आर्चिबाल्डच्या मुलाचा, आणि त्याच्या देहापासून झालेल्या औरस पुरुष वारसांचा. तो वंश खुंटला तर लिड्सडेलच्या विल्यमचा आणि त्याच्या तशाच वारसांचा. तोही खुंटला तर आर्चिबाल्डचा, मयत जेम्सच्या मुलाचा.

आता १३८८ मध्ये जा. दुसरा अर्ल जेम्स ऑटरबर्नला मरतो, औरस मूल नाही. पहिली ओळ संपली. त्याची बहीण इझाबेला जिवंत आहे, पण सनद पुरुष वारस म्हणते. त्याला अनौरस मुलगे आहेत, सावत्र अनौरस भाऊ जॉर्जही आहे. सनद औरस म्हणते. दुसरी ओळ : लिड्सडेलचा विल्यम १३५३ ला मारला गेला (मारणारा पुढे पहिला अर्ल झालेला विल्यमच), मागे फक्त मुलगी, तीही निपुत्रिक वारली. राहिली तिसरी ओळ. आर्चिबाल्ड स्वतः अनौरस, आणि तरीही वारस, कारण त्याला जन्माने काही मिळाले नाही, सनदेत त्याचे नाव लिहिलेले होते म्हणून मिळाले. एप्रिल १३८९ मध्ये होलीरूडच्या संसदेने तेच मान्य केले.

यातून सांध्याचा नियम निघतो : वारसा मिळाला हे पाहून ‘म्हणजे औरस असणार’ असे लिहू नका, आणि वारसा मिळाला नाही म्हणून नाते पुसूही नका.

जेम्सच्या वर विल्यम ‘ल हार्डी’, त्याच्या वर विल्यम ‘लाँगलेग’, त्याच्या वर एक आर्चिबाल्ड, आणि सगळ्यांत वर बाराव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात साक्षीदार म्हणून दिसणारा विल्यम डग्लस. तिथे थांबा.

सावधान : १६४४ साली छापलेल्या ह्यूम ऑफ गॉडस्क्रॉफ्टच्या घराण्याच्या इतिहासात मूळपुरुष शोल्टो डग्लस हा आठव्या शतकातला दिला आहे. त्याच्यापासून पहिल्या विल्यमपर्यंतच्या चारशे वर्षांत एकाही सांध्याला त्या काळचा कागद नाही. शोल्टोला झाडात जागा देऊ नका, तुटक रेघेनेही नको. ‘क’ प्रतीतही काहीतरी आधार लागतो.

## टप्पा ७ : अनौरस पाती आणि आया

अनौरस मुलांना वगळले तर डग्लसचे अर्धे झाड नाहीसे होते. पहिल्या अर्लचा अनौरस मुलगा जॉर्ज याला आई मार्गारेट स्टुअर्टकडून १३८९ मध्ये अँगसचे अर्लपद मिळाले. ‘रेड डग्लस’ ही पाती त्याची. दुसऱ्या अर्लच्या अनौरस मुलापासून ड्रमलॅनरिगची पाती निघते. आपल्या आर्चिबाल्डचा अनौरस मुलगा, निथ्सडेलचा विल्यम, थेट राजा रॉबर्ट दुसऱ्याचा जावई झाला.

प्रत्येक मुलाच्या पुढे आईचे नाव वेगळे सिद्ध करा. बापाला दोन बायका असतील आणि मुलाच्या कागदात आई नसेल तर मुलाची रेघ फक्त बापाला जोडा, दोघांच्या मधल्या लग्नाच्या रेघेला नको. जुन्या झाडांत मुले पहिल्या बायकोच्या पदरात घालण्याची सवयच आहे.

मुलींच्या नावांत सूट द्या. आर्चिबाल्डची जी मुलगी युवराज डेव्हिड, रॉथसेचा ड्यूक, याला दिली, ती कुठे मेरी आहे, कुठे मार्जरी. नवरा एकच, लग्नाचे साल (१४००) एकच; म्हणजे बाईही एकच. दोन मुली लिहू नका.

## टप्पा ८ : पोपच्या मुभेवरून नाते पडताळा

१२१५ पासून चर्चने चौथ्या अंशापर्यंतच्या रक्तसंबंधात लग्न वर्ज्य केले होते. आपल्याकडचे सपिंडाचे मोजणे माहीत असेल तर हे अवघड नाही : सामाईक पूर्वज सोडून द्यायचा आणि प्रत्येक बाजूने पिढ्या मोजायच्या.

आठवा अर्ल विल्यम याने सहाव्याची बहीण मार्गारेट हिच्याशी लग्न केले. सामाईक पूर्वज आपला आर्चिबाल्ड. एका बाजूने जेम्स ‘द ग्रॉस’, मग विल्यम : दोन. दुसऱ्या बाजूने चौथा अर्ल, पाचवा अर्ल, मार्गारेट : तीन. म्हणजे दुसरा आणि तिसरा अंश. मुभेशिवाय लग्न होणे नाही. तुमच्या झाडावरून निघालेले अंश आणि मुभेच्या कागदातले अंश जुळले नाहीत तर आधी झाडावर संशय घ्या.

पण मुभेत अंश असतात, पूर्वजाचे नाव बहुधा नसते. शिवाय मुभा सासरच्या नात्यासाठी किंवा बाप्तिस्म्यातल्या धर्मपित्याच्या नात्यासाठीही लागे. कागदात ‘अफिनितास’, म्हणजे लग्नामुळे जडलेले नाते, हा शब्द असेल तर तो रक्ताचा पुरावा धरू नका. विधवेशी लग्न असेल तेव्हा तर हे हमखास पाहा.

ढालीवरच्या चिन्हांचेही असेच. डग्लसच्या ढालीवर तीन तारे, मोरे घराण्याच्याही ढालीवर तीन तारे. सर जेम्स मयत राजा रॉबर्ट ब्रूसचे हृदय घेऊन निघाला त्यानंतर डग्लसच्या ढालीवर हृदय आले. चिन्हावरून सुगावा घ्या, सांधा जोडू नका.

## टप्पा ९ : झाड काढा आणि चालवून पाहा

एका पिढीची सगळी माणसे एका आडव्या ओळीत. लग्नाला दुहेरी रेघ, औरस मुलाला सरळ, अनौरसाला नागमोडी, ‘क’ प्रतीला तुटक. प्रत्येक रेघेवर स्प्रेडशीटचा नोंद क्रमांक. क्रमांक नसलेली रेघ राहू देऊ नका. अर्लपदाचा आकडा नावाशेजारी वर्तुळात टाका. तो आकडा झाडात आडवातिडवा उड्या मारताना दिसला की समजा मांडणी बरोबर चालली आहे. सातव्या अर्लचे नाव चौथ्याच्या शेजारी, सहाव्याच्या दोन ओळी वर आले पाहिजे.

मग झाडाला प्रसंग घाला. १३८८ घ्या, दुसऱ्या अर्लवर काट मारा आणि १३४२ ची सनद वाचत झाडात बोट फिरवा : ते आर्चिबाल्डवर येऊन थांबले पाहिजे. त्यानंतर नोव्हेंबर १४४० घ्या. सहावा अर्ल आणि त्याचा भाऊ दोघांवर काट मारा. पुरुष वारसांना बांधून दिलेली डग्लसची जमीन जेम्स ‘द ग्रॉस’कडे जाते. गॅलोवेला ती अट नाही, ती बहीण मार्गारेटकडे. ॲनंडेल चौथ्या अर्लला त्याच्या स्वतःच्या पुरुष वंशापुरते दिलेले, तो वंश इथे खुंटला, म्हणून ते राजाकडे परत. तुमच्या झाडावरून या तीन वाटा तीन दिशांना निघत नसतील तर चौथा आणि सातवा अर्ल यांना जोडणारी रेघ आधी तपासा. बहुतेक वेळा सातव्याला सहाव्याचा काका करून ठेवलेले असते.